दीक्षित, बँटिंग आणि भाकरीचा हिशेब

आमच्या मराठवाड्यात २०१८ च्या आसपास एक नवं क्रियापद रूढ झालं, 'दीक्षित करणे'. हळदीकुंकवाला, भिशीला, लग्नाच्या पंगतीत कुणापुढे काही ठेवलं की उत्तर यायचं, "नको हो, माझं दीक्षित चालू आहे." दीक्षित म्हणजे काय हे समोरचा विचारत नसे. नांदेडच्या मंडईतल्या भाजीवालीलाही ते माहीत झालं होतं.

आडनावाचं क्रियापद होणं ही साधी गोष्ट नाही. मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे काही नवं दिसलं की हे पूर्वी कुठे घडलंय का ते शोधायची खोड लागली आहे. तर मंडळी, घडलंय. दीडशे वर्षांपूर्वी, लंडनमध्ये.

तिथे विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा, आणि घराणं असं नावाजलेलं की राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं कामसुद्धा त्यांच्याकडे. पण स्वतः इतके लठ्ठ की बुटाचे बंद बांधता येत नसत आणि जिना उलटं तोंड करून उतरावा लागे. वीस वर्षं त्यांनी सगळे उपाय केले. वाफेची स्नानं घेतली, निरनिराळ्या गावचं पाणी प्यायले, नदीत होडी वल्हवली. वल्हवून भूक मात्र वाढली! शेवटी कान ऐकू येईना म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी कान सोडून पोटाकडे बोट दाखवलं, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बटाटे, बिअर बंद करायला सांगितलं. वर्षभरात बँटिंगसाहेब सुमारे ९२ किलोवरून ७१ किलोवर आले. त्या आनंदात १८६३ साली त्यांनी एक छोटं पुस्तक छापून फुकट वाटलं. ते इतकं गाजलं की इंग्लंडात वजन कमी करण्याला 'बँटिंग करणे' म्हणू लागले. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला 'बांता' म्हणतात, तो शब्द याच गृहस्थांच्या आडनावातून आलेला.

डॉक्टर मंडळी चिडली. हा कोण कुठला, याच्याकडे पुरावा काय? लोकांना पुरावा नको होता. बँटिंग पुस्तकात स्वतःचं वजन तारखेसह देत होते, आणि उपाय फुकट होता.

आता आपल्याकडे या. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक होते. म्हणजे हे क्रियापद आमच्याच मुलखात जन्माला आलं, पुढे सगळ्या महाराष्ट्राने उचललं. पण कल्पना मूळची नागपूरची, डॉ. श्रीकांत जिचकार यांची. जिचकार हे अजबच प्रकरण होतं. एम.बी.बी.एस., एम.डी., त्यावर कितीतरी विषयांतल्या पदव्या, आय.पी.एस. आणि आय.ए.एस. दोन्हींत निवड, मग तेही सोडून १९८० साली अगदी तरुण वयात आमदार. आमच्या शाळेत हुशार मुलाला "काय रे जिचकार" म्हणायची पद्धत होती. २ जून २००४ ला नागपूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, वय पन्नासही नव्हतं. त्यांचं आहारावरचं एक भाषण मागे राहिलं. दीक्षितांनी ते ऐकलं, स्वतःवर प्रयोग केला, वजन उतरलं, आणि मग ते गावोगाव सांगत सुटले. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूतही केलं.

सांगणं सोपं होतं. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा. त्या दोन वेळाच जेवा. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्यामागचं कारण असं सांगितलं जाई की आपण काही खाल्लं की इन्सुलिन सुटतं, इन्सुलिन चरबी साठवतं, म्हणून जितक्या वेळा खाल तितक्या वेळा चरबी साठेल. ५५ मिनिटांच्या आत काहीही खाल्लं तरी इन्सुलिनचं माप एकदाच सुटतं.

याच्या नेमकं उलट मुंबईहून ऋजुता दिवेकर सांगत होत्या. २००८ साली 'टशन' सिनेमात करीना कपूर बारीक दिसली, पुढच्याच वर्षी दिवेकरांचं पुस्तक आलं आणि शहरातल्या बायकांच्या हातोहाती गेलं. त्यांचं म्हणणं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आपल्या आजीचं अन्न खा, तुपाला भिऊ नका. म्हणजे एका घरात सून दर दोन तासांनी डबे उघडतेय आणि सासू ५५ मिनिटांचं घड्याळ लावून बसलीय! अशी घरं मी पाहिली आहेत. दोघींचंही वजन थोडं उतरलेलं असायचं आणि दोघीही एकमेकींकडे कीव केल्यासारखं बघायच्या.

दोन उलट सांगण्यांनी एकच फळ मिळतं तेव्हा इतिहासाच्या मास्तरीणबाईला संशय येतो की खरं कारण तिसरंच काही असावं.

ते तिसरं कारण बँटिंगनंतर तीस वर्षांनी अमेरिकेत एका पेटीत सापडलं. कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एक खोली बनवली. तांब्याची, बंदिस्त, आत खाट, टेबल, खुर्ची. माणूस त्यात काही दिवस राहायचा. तो काय खातो, किती श्वास सोडतो, अंगातून किती उष्णता बाहेर पडते, सगळं मोजायचं. त्याला दिसलं की माणसाच्या देहाचा जमाखर्च चुलीसारखाच जुळतो. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा साखर म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिन ४, एक ग्रॅम तेल-तूप ९. आजही बिस्किटाच्या पुड्यावर छापलेले आकडे याच हिशेबातून येतात.

आपल्याकडे हा हिशेब वॉलेस एक्रॉइड यांनी आणला. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून त्यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं छापली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलवली गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तोवर आम्ही नांदेडकर हैदराबाद राज्यातून बाहेर पडलो होतो, नाहीतर ती आमच्याच राजधानीत आली असं म्हणता आलं असतं. असो. गंमत अशी की ही कोष्टकं लठ्ठपणासाठी केलेली नव्हती. तुरुंगातल्या, वसतिगृहातल्या, दुष्काळी छावणीतल्या माणसाला जगवायला किती धान्य लागेल हे काढण्यासाठी केली होती. उपाशी देशाने केलेलं कोष्टक आज पोट सुटलेली माणसं मोबाइलवर बघतात.

जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम ज्वारीला ३४९ कॅलरी आहेत, गव्हाच्या पिठाला ३४१, तांदळाला ३४५. बघा, तिघे सख्खे भाऊ! "पोळी सोडली, भाकर धरली, म्हणून बारीक झालो" हे आमच्याकडे हमखास ऐकायला मिळतं. त्यात ज्वारीची जादू नाही. पोळीत घडीला तेल असतं, वरून तूप असतं, आणि पोळी मऊ म्हणून चार सहज जातात. भाकर जाड, चावून खावी लागते, दीड भाकरीत माणूस हात धुतो. आता शेंगदाणे बघा, शंभर ग्रॅमला ५६७. साबुदाणा ३५१. उपवासाच्या खिचडीत दोन्ही, वर तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी हे कोष्टक छापण्याआधीच कुणीतरी ओळखलं होतं.

आता दीक्षितांचा उपाय या हिशेबात घालून पाहू. आमच्या गावातला साधारण निवृत्त माणूस घ्या. दूध-साखरेचे चार चहा, प्रत्येकी सत्तर-पंचाहत्तर कॅलरी धरा, झाले तीनशे. सकाळी पोहे किंवा सुशीला, अडीचशे. (लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार. बाई नव्हे.) संध्याकाळी कुणी आलं-गेलं, चिवडा-शेव मूठभर, अडीचशे. म्हणजे दोन जेवणांच्या मधलं नुसतं हे चरणं आठशे कॅलरींचं. दोनच वेळा जेवायचं म्हटलं की ते बंद. जेवण थोडं वाढलं, तीनशेनी वाढलं समजा, तरी पाचशे वाचले. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे पंधरा दिवसांत एक किलो. पुढे देह लहान झाला की त्याचा खर्चही कमी होतो, मग वेग मंदावतो, पण सुरुवात अशी झोकात होते. रोजच्या साडेचार किलोमीटर चालण्याने सत्तर किलोच्या माणसाच्या फार तर दोनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात ते परत येतात, म्हणून चालणं तब्येतीसाठी उत्तम, पण वजनाचं मुख्य काम ताटात होतं.

दर दोन तासांनी मोजकं खाणाराही जेवायच्या वेळी वखवखलेला नसतो, त्यामुळे ताटात कमी वाढून घेतो. त्याच्याही जमाखर्चात पाचशे वाचतात. दोन रस्ते, गाव एकच.

इन्सुलिनच्या ५५ मिनिटांचं काय? इन्सुलिन आपल्या शरीरात दिवसरात्र थोडं थोडं सुटतच असतं. जेवलं की पहिली लाट दहा मिनिटांत येते, दुसरी रक्तातली साखर खाली येईपर्यंत चालते, ती दोन-तीन तासही चालू शकते. किती सुटायचं ते काय खाल्लं आणि किती खाल्लं यावर ठरतं. पुरणपोळीला आणि काकडीला सारखं इन्सुलिन सुटत नाही. तेव्हा ५५ हा आकडा शिस्तीसाठी चांगला आहे, जेवण आटोपतं घ्यावं एवढ्यापुरता. शास्त्राचा नियम म्हणून तो उभा राहत नाही. तसंच, वारंवार खाल्ल्याने चयापचय पेटता राहतो हे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही प्रयोगांत टिकलं नाही. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा एकूण अन्नावर ठरते, घासांच्या वेळापत्रकावर नाही.

मग प्रयोग काय सांगतात? मला तीन महत्त्वाचे वाटतात. पहिला प्रागचा, २०१४ चा. ५४ मधुमेही, सगळ्यांना सारख्याच मापात कमी केलेलं अन्न. बारा आठवडे ते सहा वेळात, बारा आठवडे दोनच वेळात. सहा वेळा खाताना २.३ किलो उतरले, दोन वेळा खाताना ३.७. दीक्षितांच्या बाजूचा पुरावाच म्हणायचा की! पण त्या दोन वेळा होत्या सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपल्याकडे दोन वेळा म्हणजे दुपारी एक आणि रात्री नऊ, रात्री टीव्हीसमोर भरपेट. दुसरा चीनमधल्या ग्वांगझोचा, २०२२ चा. १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर सगळ्यांना मोजून कमी अन्न, निम्म्यांना वर आठ तासांतच खाण्याचं बंधन. त्यांचे ८ किलो उतरले, बंधन नसलेल्यांचे ६.३, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला निघाला. तिसरा अमेरिकेतला, २०१८ चा, सहाशे नऊ लोकांचा. निम्म्यांनी तेल-तूप कमी केलं, निम्म्यांनी भात-पाव-साखर. वर्षाअखेर ५.३ आणि ६ किलो. कुणाचं इन्सुलिन जास्त सुटतं हे आधी तपासूनही कुणाला कोणतं डाएट लागू पडेल हे सांगता आलं नाही.

एक चौथाही आहे, तो मला फार आवडतो. आपल्या प्रत्येक घरात एक व्यक्ती असते, "मी काहीच खात नाही हो, तरी वजन वाढतं." १९९२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा दहा जणांचं खाणं शरीरातला खर्च मोजून पडताळलं. ती माणसं सांगत होती त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होती. थापा मारत नव्हती, त्यांना खरंच वाटत होतं. उभ्याउभ्या खाल्लेलं, नातवाच्या ताटातलं उरलेलं, भाजीत मीठ बघताना चाखलेलं मन मोजत नाही. बायका हे वाचून हसतील, कारण घरात उरलेलं 'वाया कशाला' म्हणून कोण संपवतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, बाई दीक्षितांच्या विरुद्ध दिसतात. मुळीच नाही. त्यांच्या चळवळीची एक गोष्ट मला मोलाची वाटते. तिने कुणाला काही विकलं नाही. त्याच काळात आमच्या कॉलन्यांमधून डब्यातल्या पावडरींचे क्लब निघाले होते, सकाळी नाश्त्याऐवजी शेक प्यायचा, महिन्याला हजारो रुपये. आणखी एक सात दिवसांचं डाएट फिरत होतं, एक दिवस फळं, एक दिवस भाज्या, एक दिवस केळी आणि दूध. त्यात आठवड्यात तीन-चार किलो उतरतात आणि लोक नाचतात. ते बहुतेक पाणी असतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो, त्याला तिप्पट पाणी धरून असतं. चार दिवस उपाशी राहिलं की साठा संपतो, पाणी जातं, काटा खाली येतो. नेहमीचं जेवण सुरू केलं की आठवड्यात परत. चरबी जिथल्या तिथे.

यांच्या तुलनेत एका सरकारी प्राध्यापकाने मैदानात उभं राहून दोनदा जेवा, चाला, रक्त तपासा असं फुकट सांगणं ही फार वरची गोष्ट. आणि ते लोकांना पटलं, कारण ते ओळखीचं होतं. एकभुक्त, नक्त, श्रावणी सोमवार, चातुर्मास हे आपल्याकडे होतंच. नांदेड-लातूरच्या जैन व्यापारी घरांत दोन वेळाच आसनावर बसून खायचं व्रत, बियासणा, पिढ्यानपिढ्या आहे. चरकानेही स्थूल माणसाला पचायला जड पण पोषण न करणारं अन्न सांगितलं आहे, आणि त्यात जव, मूग, कुळीथ, ताक आहे. पोट भरावं पण जमा वाढू नये, हाच तो हिशेब.

माझी तक्रार वेगळी आहे. व्यासपीठावर ज्यांचं वजन उतरलं ते येतात. ज्यांनी तिसऱ्या आठवड्यात सोडलं ते घरी असतात. शंभरातले किती टिकले, आणि दुसरा साधा उपाय केलेल्या शंभरांपेक्षा किती वेगळे ठरले, हे कळल्याशिवाय सरकारने एका पद्धतीला आपलं नाव द्यायला नको होतं. सदिच्छादूत सिनेनटाला करावं, उपचाराला करू नये.

मधुमेह परत फिरतो, हा दीक्षितांचा दावा लोकांना सगळ्यात अशक्य वाटला होता. त्यात मात्र तथ्य आहे, पण कारण वेगळं. ब्रिटनमध्ये मायकेल लीन आणि रॉय टेलर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधुमेहींना काही महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय ताब्यात होती. ज्यांचे १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी आकडा ४६ वरून ३६ वर आला, कारण वजन परत चढू लागलं. म्हणजे फिरवलं ते यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्याने, घड्याळाने नाही. हल्ली २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली मौंजारोसारखी महागडी इंजेक्शनंही मुख्यतः भूकच कमी करतात. माणूस कमी खातो.

इथपर्यंतचं सगळं जगाला लागू आहे. आमच्या भागाचं दुखणं त्याहून खोल आहे, आणि त्यासाठी १९७२ च्या दुष्काळात जावं लागतं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. रोजगार हमीचा कायदा व्हायचा होता, पण दुष्काळी कामं निघाली होती. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख लोक त्या कामांवर होते, खडी फोडत, पाझर तलाव खणत. रेशनला अमेरिकेची लाल मिलो, मुलांना सुकडी. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया पाटीभर माती डोक्यावर घेऊन सातव्या महिन्यापर्यंत कामावर असत. त्यांच्या पोटात ज्या मुली होत्या त्या आज पन्नाशीच्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मधुमेहाच्या गोळ्यांवर आहेत.

याचा संबंध काय, ते पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्पटनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडा-मांसाने बारीक, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. पोटात असतानाच देहाने दुष्काळ ओळखला आणि स्नायू-अवयवांत काटकसर करून चरबी राखली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा एक फोटो छापून आला, शेजारी जॉन युडकिन हे इंग्रज डॉक्टर. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३, नेमकं सारखं. युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघेही सडपातळ!

पुण्याजवळचं ते खरं, पण आमच्या खडी फोडणाऱ्या बायका त्यांच्याहून धष्टपुष्ट नव्हत्या. अशा देहावर नंतरच्या पन्नास वर्षांत काय आलं? रेशनचा तांदूळ-गहू, पामतेलाचे डबे, साखर, आणि पायी जायचं तिथे मोटारसायकल. म्हणून आपल्या लोकांसाठी मापंही खाली आणावी लागली. ते गुणोत्तर २३ झालं की वजन जास्त, २५ झालं की लठ्ठ. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०, त्यापुढे धोका.

यावरून दोन गोष्टी माझ्या नातेवाईक-वाचकांसाठी, कारण फोनवर हेच विचारतात. एक, काट्यावरचं वजन आणि चरबी एक नाही. नुसतं उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि माझ्या वयाला ते सहजासहजी परत येत नाहीत. आमच्या वयाच्या कुणी दोन वेळाच जेवणार असेल तर त्या दोन जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, हे भरपूर हवं. तूरडाळीच्या बाजारपेठेत राहून आमच्या लातूरकरांचं वरण पाण्यासारखं असतं, हे काही बरं नाही. आणि चालण्याबरोबर खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय दहा-पंधरा वेळा उठा-बसा.

दुसरी, साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे आठला घेतली आणि जेवण नव्या नियमाने एक वाजता. साडेअकराला बँकेच्या रांगेत घाम फुटून खाली बसले. कुणीतरी उसाचा रस पाजला म्हणून निभावलं. गोळी जुन्या वेळापत्रकाची आणि जेवण नव्या, हा खेळ जिवावर बेतू शकतो.

आणि शेवटी भाचीचा प्रश्न. तिचा मुलगा लातूरला क्लासला आहे, वय अठरा, काडीसारखा, मेसचं जेवण आणि रात्री टपरीवरची मॅगी. मित्रांचं बघून त्यानेही दोन वेळांचं सुरू केलंय, तर चालेल का? तिला मी त्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं सांगितलं. ती वाढली, अठराची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. मुलग्यांत ३७ टक्के, मुलींत १८ टक्के जणांची साखर वाढलेली निघाली, तीही जवळजवळ निम्मी मुलं प्रमाणापेक्षा कमी वजनाची असताना. तेव्हा याला वजन उतरवायची गरज नाही. तीन वेळा नीट जेवू दे, मॅगीच्या जागी फुटाणे आणि अंडी येऊ देत, संध्याकाळी तासभर मैदानावर जाऊ दे, आणि आईकडे मधुमेह आहे म्हणून उपाशीपोटी रक्त एकदा तपासून घे. तो म्हणाला, आजी, परीक्षा झाल्यावर. परीक्षा मे महिन्यात आहे. मी जूनमधली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.